तीन किलो नव्वद ग्रॅम

दिवाळीच्या भाजणीसाठी आणलेला काटा ओट्यावर ठेवला आणि त्यावर एकेक करून कॅमेऱ्याचं सामान चढवलं. निकॉन डी७५०, बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम. २४-१२० ची लेन्स, ७१० ग्रॅम. मग ती ७०-२००, एफ/२.८ ची, जिच्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले होते, १,५४० ग्रॅम. बेरीज ३,०९० ग्रॅम. यात पट्टा धरलेला नाही, झाकणं नाहीत, चार्जर नाही, जादाची बॅटरी नाही आणि हे सगळं पोटात घेणारी जाड अस्तराची बॅगही नाही. आमच्याकडे आठवड्याला एवढं ज्वारीचं पीठ लागत नाही.

काट्यापर्यंत वेळ आली ती खांद्यामुळे. उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायला हात मागे जाईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला आणि विचारलं, "जड काय उचलता?" मी पाण्याच्या बादल्या, भाजीच्या पिशव्या असं सांगत बसले. कॅमेरा सगळ्यात शेवटी आठवला. "तो किती वेळ डोळ्याला लावून धरता?" रविवारचे तीन तास, असं मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती वहीत नोंद केली.

रविवारचे तीन तास म्हणजे लेकीचा खो-खो. ती आता आठवीत आहे, पाचवीपासून खेळते. सकाळी शिकवणी असते, म्हणून त्यांचा सराव आणि सामने दुपारी चारनंतर सुरू होतात आणि दिवस मावळेपर्यंत चालतात. मैदान लाल मातीचं, पाणी मारून दाबलेलं. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टीवर आठ मुली एकीआड एक उलट तोंडं करून बसलेल्या आणि नववी पाठलागावर. खो-खोचे पहिले लेखी नियम ठरवायला १९१४ साली आमच्या पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर समिती बसली होती. लहानपणी या खेळाकडे मी शाळेच्या मैदानावरचा रोजचा खेळ म्हणूनच पाहिलं. लेक खेळायला लागल्यावर कळलं की यात किती विचार आहे आणि तो किती वेगाने करावा लागतो.

फोटो काढणाऱ्यासाठी हा खेळ अवघड आहे. क्रिकेटमध्ये चेंडू कुठून येणार हे ठाऊक असतं. फुटबॉलमध्ये निदान गोल एका जागी असतो. खो-खोत पळणारी मुलगी बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाते, मधेच हुलकावणी देऊन उलट फिरते, आणि जी तिच्या मागे असते ती क्षणात बदलते, कारण तेवढ्यात खो मिळून भलतीच मुलगी उठलेली असते. दोन सेकंदांपूर्वी ज्या चेहऱ्यावर फोकस धरला होता तो चेहरा आता खाली बसलाय. आणि आठ चेहरे कायम चौकटीत, स्थिर, कॅमेऱ्याला भुलवायला हजर.

त्यासाठी ती दीड किलोची लेन्स होती. एफ/२.८ म्हणजे उघडं दार. उजेड भरपूर आत येतो. संध्याकाळी साडेपाचलाही शटर सेकंदाच्या एकहजारांशावर ठेवता यायचं आणि सूर मारलेली मुलगी मातीपासून वीतभर वर, बोटं ताणलेली, वेणी हवेत, अशी गोठायची. ते फोटो मला फार प्रिय आहेत. लेकीच्या संघातल्या प्रत्येक मुलीच्या घरी त्यातला एक तरी लावलेला आहे. म्हणून हलका कॅमेरा घ्यायचा विचार मनात आला तेव्हा पहिली भावना अपराधाची होती. खांद्याची सबब सांगून मी चांगल्या कामात तडजोड करतेय की काय, असं वाटत राहिलं.

मग राजगड झाला.

सप्टेंबरचा शेवट, सोनकी फुललेली. गुंजवण्याच्या वाटेने चोर दरवाजातून पद्मावती माचीवर पोचेपर्यंतच बॅगेने खांदा धरला. देवळापाशी बसल्यावर नवरा म्हणाला, "बॅग राहू दे इथे, मी थांबतो. तुम्ही दोघी बालेकिल्ला करून या." बालेकिल्ल्याची चढण उभी आहे, रेलिंगला धरून जावं लागतं, एक हात बॅगेसाठी मोकळा राहत नाही. मी बॅग ठेवली. वर पोचलो आणि ढग फाटले. खाली संजीवनी माची पूर्ण लांबीने उघडी पडली, तिची दुहेरी तटबंदी वळसे घेत पुढे पुढे जाणारी, दोन्ही अंगांना धुकं. लेक कड्यापासून जरा आत एका दगडावर बसून चिक्की खात होती आणि पायाखालच्या त्या सगळ्या पसाऱ्याकडे बघत होती. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

तो फोटो चांगला आहे. हे मला घरी आल्यावर मान्य करावं लागलं. मोठ्या पडद्यावर पाहिला, झाडांची पानं जरा सारवल्यासारखी दिसतात, पण तिचं बसणं, माचीचं वळण, उजेड, सगळं आहे. म्हणजे प्रवासासाठी तीन किलो वाहून नेण्याचं कारण मी स्वतःला जेवढं पटवलं होतं तेवढं मोठं नव्हतं. तोच मोबाइल पुढच्या रविवारी मैदानावर नेऊन पाहिला. समोरच्या खांबापाशी पळणारी मुलगी झूम केल्यावर रंगाचा डाग झाली. तिथे त्याची सद्दी संपली. माझा प्रश्न आता नीट मांडता येत होता: गडावर नेता येईल आणि मैदानावर उपयोगी पडेल असं एकच काहीतरी हवं होतं.

इथे थोडं मागे जाते, कारण वजनाचा हा झगडा माझ्या खांद्याहून पुष्कळ जुना आहे. जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथे ओस्कार बारनाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा त्रास होता आणि डोंगरात भटकून फोटो काढायचीही हौस होती. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई आणि काचेच्या प्लेटांचा गठ्ठा. बारनाकना ते ओझं झेपेना. सिनेमासाठी वापरतात ती फिल्म त्यांनी आडवी धरली, सिनेमाची एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असते, तशा दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ ची एक केली, आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. त्याचा पहिला नमुना १९१४ च्या सुमाराचा. मधे महायुद्ध आलं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका म्हणून लोकांसमोर आला. निगेटिव्ह लहान, चित्र मोठं, अशी त्यांची धारणा होती.

आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो, ज्याच्यासाठी माझा खांदा गेला, त्याचं माप हेच आहे, २४ बाय ३६. एका दमेकऱ्याने हलकं म्हणून निवडलेलं माप. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच मांडीवर ठेवून बसले होते. त्या काळच्या प्लेटवाल्यांनी बारनाकना काय काय ऐकवलं असेल! एवढ्याशा फिल्मवर काय फोटो येणार, हे तर नक्कीच म्हटलं असेल. आणि आज फुल फ्रेमवाले लहान सेन्सरबद्दल, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चकतीबद्दल, तेच म्हणतात. मीही म्हणत होते.

माझ्या बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. भारतात बनलेला, साधा, हलका डबा. एका रिळात बारा फोटो. माझ्या लहानपणाचे जे काही फोटो घरात आहेत ते बहुतेक त्यातूनच आलेले आहेत. पंढरपूर, गणपतीपुळे, मामाच्या गावची विहीर. बाबा तो शबनमच्या पिशवीत टाकायचे, पाण्याच्या बाटलीशेजारी. त्याला वेगळी बॅग नव्हती. कॅमेरा न्यायचा की नाही हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही, कारण तो आधीच पिशवीत असायचा.

तर खरेदीआधी मी एक काम केलं, आणि कॅमेरा बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला ते करायला सांगेन. गेल्या तीन वर्षांचे फोटो संगणकावर काढले. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात त्याची कुंडली असते: कोणती लेन्स, किती मिलिमीटरवर (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ), अॅपर्चर म्हणजे लेन्सचं दार किती उघडं, शटर किती, वाजले किती. सॉफ्टवेअरमध्ये त्याप्रमाणे चाळण लावता येते. मी फक्त ठेवण्यासारखे फोटो घेतले, बाकीचे सोडले, आणि दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

प्रवासातले बहुतेक फोटो २४ ते ३५ मिलिमीटरमधले निघाले. उरलेले एकदम टोकाला, १२० वर, दूरचं देऊळ किंवा कोणाचा तरी चेहरा. मधलं सगळं रान ओसाड. खो-खोचे फोटो ७० ते १३० च्या आसपास जमलेले, कारण मी रेषेला लागूनच बसते. २०० वर काढलेला धड फोटो शोधावा लागला. आणि एफ/२.८, ज्याच्यासाठी ती लेन्स होती, ते मी साडेपाचच्या आधी जवळजवळ वापरलंच नव्हतं. उन्हात मी एफ/४, एफ/५.६ वरच होते. म्हणजे आठवड्यातल्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी मी दीड किलो वागवत होते, गडावर, गाडीत, लग्नात, सगळीकडे.

तो अर्धा तास खोटा नव्हता, हेही त्याच कुंडल्यांत दिसत होतं. सगळ्यात आवडते फोटो त्याच वेळचे होते. मातीवर तिरपा उजेड, सावल्या लांब, मुली दमलेल्या आणि म्हणूनच धाडसी झालेल्या.

आता उजेडाचा हिशेब. हा भाग ज्यांना कंटाळवाणा वाटेल त्यांनी पुढे जावं, पण माझा निर्णय याच गणिताने झाला. हलक्या झूम लेन्स हलक्या असतात त्या काच कमी असल्यामुळे, आणि काच कमी म्हणजे दार लहान. लांब टोकाला त्या एफ/६.३ पर्यंत येतात (एफचा आकडा मोठा तितकं दार लहान). एफ/२.८ शी तुलना केली तर उजेड पाचवा हिस्सा. संध्याकाळी जिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० वर भागत होती तिथे १६,००० लागणार. त्यात सेन्सर लहान. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी नावाचा मधला आकार साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६ च्या आसपास. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३, म्हणजे २२५. खिशातल्या भारी कॅमेऱ्यांत असतो तो एक इंची म्हणवणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ चा, ११६ भरतो. नाव एक इंच, पण कुठल्याही बाजूने तो एक इंच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापातून ते नाव चालत आलंय. अंगण जितकं लहान तितका गोळा होणारा उजेड कमी, आणि अंधारात दाणे जास्त.

पण त्या लहान अंगणाचा एक फायदाही आहे. एपीएस-सीवर २५० ची लेन्स फुल फ्रेमच्या ३७५ इतकी जवळ आणते, कारण मधलाच तुकडा कापून घेतला जातो. म्हणूनच लेन्स आखूड आणि हलकी चालते. सगळी वजनाची बचत खरं तर इथेच आहे. बॉडीत फार तर तीन-चारशे ग्रॅम वाचतात, खरे किलो लेन्समध्ये दडलेले असतात. फुल फ्रेमचा हलका मिररलेस (आतला आरसा काढून टाकलेला नवा कॅमेरा) घेऊन त्यावर पुन्हा दीड किलोची लेन्स चढवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं.

सोनीचा आरएक्स१०० सातवा, ३०२ ग्रॅमचा, हातात घेतल्यावर खाली ठेववेना. २४ ते २०० सगळं त्यात, आणि बाबांच्या शबनममध्ये तो सहज गेला असता. प्रवासापुरतं हवं असतं तर मी तिथेच थांबले असते. मग मायक्रो फोर थर्ड्सवाला ओएम-५ पाहिला. बॅटरीसकट ४१४ ग्रॅम, त्यावर १२-४५ ची २५४ ग्रॅमची आणि ४०-१५० एफ/४ ची ३८२ ग्रॅमची लेन्स. तिन्ही मिळून १,०५० ग्रॅम, आणि पावसाचे शिंतोडे सोसणारं अंग. आमच्या सह्याद्रीसाठी यासारखं काही नाही असं मला अजूनही वाटतं. पावसाळी भटकंती हेच ज्याचं मुख्य, त्याने हाच घ्यावा.

माझं पाऊल अडलं ते कपाटातल्या एका लेन्समुळे. ८५ मिलिमीटर, एफ/१.८, निकॉनची जुनी, ३५० ग्रॅम. बहिणीच्या मुलाच्या मुंजीत चेहऱ्यांसाठी घेतलेली आणि नंतर ७०-२०० आल्यावर मागे पडलेली. हिशेब मांडता मांडता तिची आठवण झाली. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/१.८ मधून बारापट उजेड येतो. बारापट! निकॉनच्या नव्या मिररलेसवर एफटीझेड-दोन नावाची १२५ ग्रॅमची जोडणी लावली की ही लेन्स ऑटोफोकससकट चालते. आणि एपीएस-सी बॉडीवर ती १२७ सारखी वागते, म्हणजे माझे खो-खोचे फोटो जिथे जमले होते अगदी तिथेच. तो अर्धा तास असा सुटला.

म्हणून निकॉन झेड५०-दोन घेतला. ५५० ग्रॅम. सोबत १६-५० ची १३५ ग्रॅमची चपटी लेन्स आणि ५०-२५० ची ४०५ ग्रॅमची. गडावर, गावाला, एवढंच: १,०९० ग्रॅम. रविवारी मैदानावर त्यात ८५ आणि जोडणीची भर: १,५६५. पुन्हा काट्यावर ठेवून पाहिलं. जुन्याच्या निम्म्याला जेमतेम वीस ग्रॅम जास्त.

पहिले चार रविवार वाईट गेले. नवा कॅमेरा चेहरे ओळखतो, डोळे ओळखतो, आणि मी त्यावर विसंबले. खो-खोत तेच चुकतं. आठ मुली स्वस्थ बसलेल्या, चेहरे स्पष्ट. पळणारी पाठमोरी, डोकं खाली. कॅमेरा इमानाने बसलेल्या मुलीचा डोळा धरायचा. शंभर फोटोंत ऐंशी वेळा मागची मुलगी धुरकट आणि पुढची, आपल्या पाळीची वाट बघणारी, पापण्यांपर्यंत सुस्पष्ट. (त्या फोटोंत एक वेगळीच गोष्ट मिळाली. वाट बघणाऱ्या मुलींचे चेहरे मी याआधी कधी पाहिलेच नव्हते. त्यातले सात-आठ मी ठेवले आहेत.) मग फोकसची चौकट लहान केली, फोकस अंगठ्याच्या बटणावर घेतला, शटरच्या बोटाला फक्त शटर ठेवलं.

आणि जागा बदलली. आधी मी मधोमध, रेषेला लागून बसायचे, कारण जड लेन्स घेऊन वारंवार उठणं नको वाटायचं. आता खांबाच्या मागे, कोपऱ्यात बसते. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की तिला माघारी फिरता येत नाही, खांबापर्यंत जावं लागतं किंवा खो द्यावा लागतो. म्हणजे ती येणार ती माझ्याकडेच. खांबाजवळ बसलेल्यांची गर्दी नाही, चेहरा समोर, आणि खांबाला धरून मारलेला सूर तर दहा फुटांवर. पडदा बाजूला उघडून वर वळवता येतो, म्हणून कॅमेरा गुडघ्याशी, जवळजवळ मातीला टेकवून धरते. त्या उंचीवरून तेरा वर्षांची पोर आभाळाएवढी दिसते. १,५४० ग्रॅमची लेन्स अशी खाली, हाताच्या अंतरावर धरणं मला कधीच जमलं नसतं.

कानांचाही उपयोग होतो. खो मोठ्याने द्यावा लागतो, नियमच आहे. डोळा पळणारीवर ठेवायचा आणि खोचा आवाज आला की बोट दाबायचं. उठणाऱ्या मुलीची पहिली झेप त्यात सापडते. संघाच्या सरांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता पंचासारख्या बघता." दिवसभर मला ते पुरलं.

एक तक्रार नोंदवून ठेवते, ती कॅमेऱ्यापेक्षा मैदानांबद्दल आहे. दिवे लागल्यावर लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळा असं होतं. वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, एकहजारांशाच्या शटरला कळतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मॅटवर, झगझगीत दिव्यांखाली, आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. लेकीच्या संघाने सगळे सामने एकत्र बसून पाहिले. मला त्या दिव्यांचा हेवा वाटला. आमच्या मुलींनाही तसा उजेड मिळायला हवा. फोटोंचं नंतर बघू, पण झाकोळात सूर मारताना त्यांना खांब नीट दिसत नाही, याची मला काळजी वाटते.

७०-२०० विकायला काढली तेव्हा बारामतीकडचा एक मुलगा आला. कबड्डीच्या स्पर्धांचे फोटो काढतो, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल, खांदे दणकट. त्याने लेन्स खिडकीकडे धरून आतून-बाहेरून पाहिली. मग लेन्स तिपाईवर बसवायच्या कडीपाशी थांबला. "ताई, ही माती?" स्क्रूच्या खाचेत लाल माती बसलेली होती, कितीही पुसली तरी न निघालेली. मी सांगितलं कुठली ते. "राहू दे," तो म्हणाला, "आमची काळी तिच्यावर बसेल." तो गेल्यावर मी उगाचच काटा काढला आणि उगाचच परत ठेवला.

जानेवारीत चिपळूणजवळ शालेय मुलींच्या स्पर्धा होत्या. कराड, पाटण, कुंभार्ली घाट असं एसटीने गेलो, पुढे एक दिवस गुहागरला राहायचं ठरलं होतं. मी एकच पिशवी घेतली. कपडे, औषधं, त्यात रुमालात गुंडाळलेला कॅमेरा. सामने दुपारचे असं कळवलं होतं, म्हणून ८५ आणि ती जोडणी काढून कपाटात ठेवली. पावणेपाचशे ग्रॅम. हात इतका सैल झाला होता की तेवढंही नको वाटलं.

वेळापत्रक कोलमडलं. उपांत्य सामना सुरू व्हायलाच पाच वाजून गेले. पहिल्या डावाचे फोटो छान आले, माडांमागून येणारा उजेड होता. दुसऱ्या डावात शेवटच्या तुकडीत लेक पळायला उतरली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता आणि दिवे अजून लागायचे होते. ५०-२५० लांब केली. एफ/६.३. आयएसओ १२,८०० वर गेला, शटर दोनशेच्या खाली. दोन-तीन वेळा बटण दाबलं. पडद्यावर लाल धूर आणि त्यात तिच्या कपड्यांचा निळा ओरखडा. ८५ असती तर झालं असतं. पक्कं झालं असतं, मला आकडे ठाऊक होते.

कॅमेरा मांडीवर ठेवला. तिच्यासोबतच्या दोघी बाद झाल्या आणि ती एकटी उरली. तिने मधली वाट घेतली, मग अचानक खांबाकडे, तिथून बाहेरच्या अंगाने वळसा. मी खांबामागेच होते. तिचा श्वास ऐकू येत होता. एकदा तर पाठलाग करणारीची बोटं तिच्या वेणीला लागतील असं वाटलं आणि तिने मान अशी काही काढून घेतली की शेजारची बाई मोठ्याने "गं बाई!" म्हणाली. शिट्टी झाली तेव्हा ती नाबाद होती.

रात्री खोलीवर पाय चोळत बसली होती. "आई, शेवटची पळती दाखव ना."

"नाही आली. अंधार होता. ती छोटी लेन्स मी घरी ठेवली."

तिचा चेहरा पडला. लपवला नाही तिने. जरा वेळ तशीच बसली, मग पांघरूण पायावर ओढत म्हणाली, "तू कुठे होतीस?"

"खांबामागे. कोपऱ्यात."

"मग तुला ती डावीकडची हुल दिसली?"

"दिसली."

"कशी झाली सांग. मला कळलंच नाही, पाय आपोआप गेले."

मी दिवा बारीक केला, तिच्या शेजारी बसले आणि ती मैदानात उतरली तिथपासून सांगायला लागले.